साडेपाच तासांचा ढाबा

आमच्या मावशीचा एक कायमचा प्रश्न आहे. दर गणपतीत भेटली की विचारते, "तू नक्की करतोस तरी काय रे?" मी सांगतो, "मावशी, ट्रक कुठे आहेत ते कळतं ना, ते काम." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर : "अरे पण ट्रकवाल्याला फोन केला की तो सांगतोच की!"

आता काय बोलणार? या वर्षी मात्र तिला नीट सांगायचं ठरवलं. लिहूनच सांगावं, म्हणजे मध्ये कोणी "चहा घेणार का" म्हणून तोडणार नाही. त्यातून परवा जुन्या डायऱ्या चाळताना एक टोलची पावती सापडली. तिच्यापासूनच सुरू करतो.

गोष्ट २०१३ सालची. मी तेव्हा पुण्यात गाड्यांना जीपीएसचे डबे बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. (नाव नको. कंपनी आता नाही, माणसं आहेत.) माझं काम रिपोर्ट बनवणं. डबा ट्रकच्या डॅशबोर्डखाली बसतो, दर मिनिटाला आपली जागा आणि वेळ मोबाइलच्या सिमवरून आमच्या सर्व्हरला पाठवतो, आणि आम्ही त्याचा तक्ता करून गाडीमालकाला देतो. गाडी कुठून निघाली, कुठे थांबली, किती वेळ थांबली, कधी पोचली. मालकांना सगळ्यात प्रिय रकाना म्हणजे 'थांबा'. कारण थांबा म्हणजे डिझेल चोरी, थांबा म्हणजे झोप, थांबा म्हणजे मधल्या मध्ये दुसऱ्याचा माल भरणं. असा एकूण समज.

एका सोमवारी चाकणच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा फोन आला. आवाज चढलेला. "तुमचा रिपोर्ट एक नंबर हां! चोर पकडून दिला." त्याच्या एका ड्रायव्हरने, चाकणहून होसूरला गाड्यांचे पार्ट घेऊन जाताना, साताऱ्यापुढच्या एका ढाब्यावर रात्री ९.२० ते पहाटे ३.२५ गाडी उभी केली होती. सहा तास पाच मिनिटं! आणि होसूरला सकाळी पोचायची ती दुपारी १.१० ला पोचली. शेठने ट्रिपचे २,८०० रुपये कापले आणि ड्रायव्हरला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? आनंद झाला. खरंच. आपल्या रिपोर्टचा उपयोग झाला म्हणून मी ऑफिसात दोघांना सांगितलंसुद्धा.

दोन दिवसांनी तो ड्रायव्हर स्वतःच ऑफिसला आला. पन्नाशीचा माणूस, आटपाडीकडचा. खांद्यावर टॉवेल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणालो, "बसा मामा." बसला नाही. म्हणाला, "साहेब, मी भाकरी खाल्ली, तोंड धुतलं, निघालो. अर्धा तास झाला आसंल. सहा तास म्या काय करनार तिथं? तुमच्या मशिनीला इचारा."

तुमच्या मशिनीला विचारा! मशिनीला कसं विचारायचं हे मला त्या दिवसापर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

पिशवीत टोलच्या पावत्या होत्या. तेव्हा फास्टॅग नव्हते. ड्रायव्हर प्रत्येक नाक्याची पावती जपून ठेवायचा, कारण ती दिल्याशिवाय मालक टोलचे पैसे हिशेबात धरत नसे. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी... ओळीने. मी आपला रिपोर्ट शेजारी ठेवला. खेड-शिवापूर : पावती आणि रिपोर्ट, दोन्ही मिनिटाला मिनिट बरोबर. आनेवाडी : बरोबर. मग ढाबा. मग तासवडे : पावतीवर रात्रीचे १०.५५, रिपोर्टमध्ये पहाटेचे ४.२५.

मी पेन्सिलने पावतीच्या मागे वजाबाकी केली. ५.३०.

किणीला पण ५.३०. मामाने होसूरच्या कारखान्याच्या गेटवर शिक्का मारून घेतलेली बिल्टी काढली. आत घेतल्याची वेळ सकाळी ७.४०. रिपोर्टमध्ये दुपारचे १.१०. पुन्हा साडेपाच तास. ना एक मिनिट कमी, ना जास्त.

आता थोडं डोकं असलेल्या कुणाच्याही लक्षात येईल. माणूस उशीर करतो तेव्हा तो इतका काटेकोर नसतो. माणसाचा उशीर सहा तास दहा मिनिटं असतो, पावणेपाच असतो, पुढे दामटून गाडी मारली की चारवर येतो. साताऱ्यापासून होसूरपर्यंत साडेसातशेच्या आसपास किलोमीटरमध्ये तो कमीजास्त होतो. हा मात्र जागचा हलत नव्हता. शिवाय एक साधी गोष्ट मी शेठला आधी विचारायला हवी होती : "कारखान्याने उशिराचा दंड लावला का?" नंतर विचारलं. म्हणाला, "नाही लावला, चांगली माणसं आहेत." चांगली असतील. पण गाडी वेळेवर पोचली होती हो!

मग मी पहिल्यांदा रिपोर्ट सोडून सर्व्हरवरच्या कच्च्या नोंदी उघडल्या. तिथे प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात. एक डब्याने लिहिलेली, दुसरी सर्व्हरने ती नोंद हातात पडल्यावर मारलेली. पोस्टातल्या पत्रासारखं. पत्रावर तारीख लिहिणारा घालतो, पाकिटावर शिक्का पोस्ट मारतं. ढाब्यापर्यंत दोन्हीत तीन-चार सेकंदांचं अंतर होतं. ढाब्यानंतर डब्याची वेळ सर्व्हरच्या वेळेच्या साडेपाच तास पुढे! म्हणजे पत्र लिहायच्या साडेपाच तास आधीच येऊन पडत होतं. रेंज नसली की नोंदी डब्यात साठतात आणि उशिरा येतात, ते रोजचं आहे. पण उद्याची नोंद आज येणं कुठल्याच जगात शक्य नाही. हे सगळं आमच्याच सर्व्हरवर पडून होतं. आणि रिपोर्ट बनवताना "मालकाला उगाच गोंधळ नको" म्हणून तो दुसरा रकाना मीच उडवला होता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या ऑफिसातून काही डब्यांना नवं सॉफ्टवेअर हवेतून पाठवलं होतं. डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला. आधी तो जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी पाठवायचा आणि सर्व्हर त्यात साडेपाच तास मिळवून आपली वेळ करायचा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये डबा स्वतःच साडेपाच तास मिळवायला लागला. सर्व्हरला ते कोणी कळवलं नाही. त्यानेही मिळवले. दोन पाहुण्यांनी दोनदा मीठ घातलेली आमटी!

तर ही साडेपाचची कथा. पण या निमित्ताने मला घड्याळांचा नाद लागला, आणि जुनं वाचता वाचता असं दिसायला लागलं की या धंद्यातली चूक किती मोठी आहे याला फारसा अर्थ नाही, चुकीचा आकडा काय आहे याला आहे. प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी टेबलाभोवती बसून घेतलेला निर्णय असतो.

साडेपाच तासच घ्या. १ जानेवारी १९०६ ला इंग्रज सरकारने हिंदुस्थानभर एक वेळ लागू केली, ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मिर्झापूरजवळून जाते ती रेघ. मुंबईची स्वतःची सूर्यावरची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे नव्या वेळेने मुंबईकरांना रातोरात ३९ मिनिटं पुढे ढकललं. मुंबईने ते मानलं नाही! लोकांनी विरोध केला आणि शहरात 'मुंबई टाइम' चालूच राहिला, थेट १९५५ पर्यंत. माझे आजोबा गिरगावात वाढले. कुणी वेळ सांगितली की ते सवयीने विचारायचे, "कुठला? ष्टँडर्ड की मुंबई?" आम्हाला लहानपणी तो त्यांचा विनोद वाटायचा. मामाचे २,८०० रुपये त्याच १९०६ च्या रेघेत अडकले होते. तेव्हा मुंबईचं ऐकलं असतं तर तो ढाब्यावर पाच तास सव्वीस मिनिटंच थांबलेला दिसला असता, एवढाच फरक. :)

बरं, ड्रायव्हरवर घड्याळ बसवायची कल्पना काही उपग्रहांच्या जमान्यातली नाही. जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट हे घड्याळजींचं मुलूख. तिथल्या फिलिंगेन गावात किन्ट्सले नावाच्या घड्याळवाल्यांच्या कंपनीने टॅक्सीचे मीटर आणि मग ट्रकसाठी टॅकोग्राफ बनवले. टॅकोग्राफ म्हणजे काय, तर स्पीडोमीटरच्या मागे एक मेणाचा थर दिलेली कागदी चकती. आतलं घड्याळ ती चकती २४ तासांत एकदा फिरवतं आणि सुईसारखी टोकं तिच्यावर वेग, अंतर, गाडी चालू की उभी, हे ओरखडत जातात. संध्याकाळी चकती काढली की अख्खा दिवस गोल गोल लिहिलेला. फारच सुंदर दिसतात त्या चकत्या, कोणीतरी रांगोळी काढल्यासारख्या.

युरोपीय समुदायाने १९७० मध्ये त्याचा कायदा केला. इंग्लंडच्या ड्रायव्हरांनी आणि त्यांच्या युनियनने त्याला नाव दिलं 'केबिनमधला हेर' आणि साफ नकार दिला. सरकारही त्यांच्या बाजूने चालढकल करत राहिलं. शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा कुठे ते मानले. मी आधी हे वाचलं तेव्हा युनियनवाल्यांना हसलो होतो. काम प्रामाणिक असेल तर भ्यायचं कशाला, छाप. मामाच्या भेटीनंतर पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

चकतीच्या घड्याळाचा कच्चा दुवा म्हणजे ते घड्याळच. ते पुढे-मागे केलं की विश्रांतीचा तास कामाच्या आत लपवता यायचा, आणि तशा चोऱ्या भरपूर झाल्या. पण म्हणूनच तिकडच्या नियमांमध्ये घड्याळावर संशय घ्यायची पद्धत आली. १ मे २००६ पासून नव्या गाड्यांना डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा झाला. तो सगळी नोंद यूटीसीत ठेवतो. उन्हाळ्यात इंग्लंडचं मनगटावरचं घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे तिथल्या ड्रायव्हरांची अजून धांदल होते. ड्रायव्हरला त्या घड्याळात हात घालायची मुभा किती? सात दिवसांतून एकदा, जास्तीत जास्त एक मिनिट. आणि जून २०१९ पासूनच्या नव्या टॅकोग्राफमध्ये तर स्वतःचं घड्याळ आणि उपग्रहाची वेळ यांत एका मिनिटाहून जास्त फरक पडला, की यंत्र स्वतःच 'वेळेत विसंगती' अशी वेगळी नोंद करतं.

मला हे फार आवडलं. यंत्र स्वतःवर तक्रार नोंदवतं.

अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून ट्रकांना इलेक्ट्रॉनिक लॉग आला. त्यात यंत्राचं घड्याळ यूटीसीपासून १० मिनिटांहून जास्त भरकटता कामा नये. भरकटलं तर पडद्यावर 'टी' हे अक्षर, टी म्हणजे टायमिंग, आणि मग ड्रायव्हर आठ दिवसांपर्यंत कागदावर लॉग लिहू शकतो. तिथे एका ड्यूटीत गाडी चालवायचे तास ११. त्यातले दोन-चार इकडेतिकडे झाले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून घेतात. तेव्हा ते 'टी' म्हणजे ड्रायव्हरचा वकीलच म्हणा. आमच्या तक्त्यात असलं काही अक्षर नव्हतं. आमच्या तक्त्यात घड्याळ चुकूच शकत नव्हतं, चुकायला फक्त ड्रायव्हर होता.

आता मावशीला सगळ्यात गंमत वाटेल असा भाग.

आमच्या पडद्यावर कधी कधी एखादा ट्रक १ जानेवारी १९७० ला पहाटे साडेपाच वाजता हडपसरला उभा दिसतो. नवी पोरं घाबरतात. ती वेळ म्हणजे कॉम्प्युटरांच्या एका मोठ्या घराण्याचा शून्य. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजायचे असं ठरलेलं, आणि तिथे मध्यरात्र तेव्हा आपल्याकडे साडेपाच. म्हणजे डब्याकडे वेळच नव्हती, त्याने कोरी पाटी पाठवली. तारीख ६ जानेवारी १९८० असेल तर प्रकरण वेगळं. तो जीपीएसचा शून्य, तेव्हापासून जीपीएस आठवडे मोजतं. म्हणजे रिसीव्हर जागा आहे पण त्याला उपग्रह अजून दिसलेला नाही. बघा अँटेना दबली आहे का, किंवा कोणी तिच्यावर प्रेमाने चांदीचा कागद गुंडाळला आहे का! १ जानेवारी २००० आली तर बहुतेक वेळा आतला बटणसेल संपलेला असतो, आणि घड्याळाची चिप पुन्हा जन्माला आलेली असते.

चूक अठरा सेकंदांची असेल तर? जीपीएसची घड्याळं कधी थांबत नाहीत. आपली जागतिक वेळ मात्र पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला अधूनमधून एक 'लीप सेकंद' घेते. शेवटचा घेतला ३१ डिसेंबर २०१६ च्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला. तेव्हापासून दोन वेळांत १८ सेकंदांचा फरक आहे. किती वजा करायचे हे उपग्रह सांगतो, पण त्याचा सगळा निरोप पुरा व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. कोरा रिसीव्हर चालू केला की तोवर तो आपला चुकीचाच आकडा धरून बसू शकतो. आणि तीन तासांची चूक दिसली तर रशियन ग्लोनासकडे बघावं, त्यांचं घड्याळ मॉस्कोच्या वेळेवर चालतं.

हे सगळं चोख आकड्यांचं झालं. चोख नसलेली चूक एकच, रोज थोडी थोडी वाढणारी. तिथे दोष क्वार्ट्झचा. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा तो बारका स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वात बरोबर चालतो. त्यापेक्षा गरम झालं तरी मंदावतो, गार झालं तरी मंदावतो. काचा बंद करून उन्हात उभ्या ट्रकच्या डॅशबोर्डखाली ६५ अंश धरले, तर त्या हिशेबाने दिवसाला चार-पाच सेकंद मागे. उपग्रह दिसत असेल तर डबा ते दुरुस्त करत राहतो. अँटेनाची वायर उंदराने खाल्ली असेल तर नाही. (उंदीर हा ट्रक टेलिमॅटिक्समधला एक स्वतंत्र विषय आहे. पुन्हा कधीतरी.)

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे १०२४ आठवडे.

१९७० च्या दशकात जीपीएस आखणाऱ्या मंडळींपुढे अडचण अशी होती की उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट खाली पाठवू शकत होता. पन्नास! त्यात स्वतःची जागा, घड्याळाची दुरुस्ती, बाकीच्या उपग्रहांची खबर, सगळं बसवायचं. आठवड्याच्या आकड्याला दहा बिट मिळाले. दहा बिटांत ० ते १०२३ मावतात, त्यानंतर पुन्हा शून्य. १०२४ आठवडे म्हणजे ७,१६८ दिवस, साडेएकोणीस वर्षांहून थोडं जास्त. तेव्हा ते खूप वाटलं असणार. आपणही लग्नातली भांडी वीस वर्षं टिकतील म्हणूनच घेतो ना.

पहिलं चक्र २१-२२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री संपलं, दुसरं ६-७ एप्रिल २०१९ ला. गंमत म्हणजे आपल्या इस्रोच्या 'नाविक'ने आपला शून्य ठेवला तो नेमका २२ ऑगस्ट १९९९, आणि आठवड्यांना बिट दिले तेही दहाच.

२०१९ पर्यंत मी नोकरी बदलली होती, पण धंदा तोच. आम्ही सगळे ७ एप्रिलच्या रविवारी पहाटे जागे. आपल्याकडे ती वेळ पहाटेच्या ५ वाजून २९ मिनिटं ४२ सेकंदांची, कारण ते अठरा सेकंद मध्ये आहेत. पडद्याकडे बघत बसलो. काहीही झालं नाही! एकही डबा हलला नाही. पोहे मागवले, एकमेकांची पाठ थोपटली.

आणि १४ जुलैला, आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते, पुन्हा रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमाराला एका जुन्या बॅचच्या सगळ्या गाड्या पडद्यावरून गायब. चाळीसेक असतील. मालकांचे फोन. एकाने तर गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांत जायची तयारी केली होती, आणि गाडी त्याच्याच दारात उभी होती, कारण ड्रायव्हर रात्रीच परत आला होता!

गाड्या गायब नव्हत्या. त्या सगळ्या २८ नोव्हेंबर १९९९ मध्ये गेल्या होत्या, आणि महिन्याहून जुनी नोंद आमचा सर्व्हर उघडतच नव्हता. १४ जुलै २०१९ मधून ७,१६८ दिवस वजा करा, बरोबर तीच तारीख येते. मी करून बघितली तेव्हा अंगावर काटा आला. कारण कळल्यावर सोपं वाटलं. रिसीव्हर बनवणाऱ्यांनी हुशारी केली होती. दहा बिटांतून कुठलं चक्र चालू आहे ते कळत नाही, म्हणून ते सॉफ्टवेअरमध्ये एक तारीख कोरून ठेवतात आणि तिथून पुढचे १०२४ आठवडे बरोबर मोजतात. म्हणजे एप्रिल २०१९ चा फेरा चुकला, पण त्या बॅचचा स्वतःचा फेरा कोरलेल्या तारखेपासून चालू होता. प्रत्येक बनावटीचा मृत्युयोग वेगळा! त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतही अशाच कारणाने जुनी यंत्रं बसवलेल्या ट्रकांना कागदी लॉगवर जावं लागलं. २०२१ च्या ऑक्टोबरात 'जीपीएसडी' नावाच्या प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या काही आवृत्त्या मार्च २००२ मध्ये जाणार हे वेळेवर लक्षात आलं, आणि तिथे चूक होती ती नेमकी हा घोळ टाळण्यासाठी लिहिलेल्या ओळींमध्येच. पुढचं मोठं चक्र २०३८ च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी १९ जानेवारीला १९७० वाल्या घराण्याचाही जुना, ३२ बिटांचा मोजणारा भरतो. मी तेव्हा निवृत्त असेन, देवाची कृपा.

हल्ली आपल्याकडेही पुष्कळ शिस्त आली आहे. प्रवासी गाड्यांच्या ट्रॅकिंगसाठी एआयएस १४० नावाचं मानक आहे. आमच्या पुण्यातल्याच एआरएआयने ते काढलं. त्यात प्रत्येक नोंदीवर ती ताजी की साठवलेली, 'एल' की 'एच', हे लिहावं लागतं. एच म्हणजे हिस्टरी. फास्टॅगमुळे टोलच्या वेळा मालकाच्या मोबाइलवर परस्पर येतात. डब्याच्या बाहेरचा साक्षीदार घरबसल्या मिळतो, पावत्या सांभाळायला नकोत. पण रकाने वाढले तरी मालक अजून 'थांबा'च आधी बघतात, हे मी रोज बघतो.

मामाचं काय झालं ते राहिलंच. मी शेठकडे पावत्या, बिल्टी, कच्च्या नोंदी सगळं घेऊन गेलो. शेठ वाईट माणूस नव्हता. दहा मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "अहो पण तुमच्याच कागदावर लिहिलं होतं ना?" यावर मला काही बोलता आलं नाही. २,८०० रुपये त्याने दिले. मी मामाला फोन लावला, पैसे घेऊन जा आणि कामावर या असा शेठचा निरोप आहे म्हणून. तोवर त्याने इचलकरंजीच्या एका ट्रान्सपोर्टला गाडी धरली होती.

"पैसे पोराला पाठवून नेतो," म्हणाला. "गाडी नको आता."

"मामा, चूक आमची होती. मशिनीला विचारलं मी."

"मग काय म्हनली?"

मी सांगितलं, साडेपाच तास दोनदा मिळवले म्हणून. तो जरा वेळ थांबला. मागे हॉर्न वाजत होते. मग विचारलं, "साहेब, हितल्या गाडीला पन डबा हाय. त्यो तुमचाच हाय का दुसऱ्याचा?"

दुसऱ्याचा होता. तरी मी त्याला सांगितलं की टोलच्या पावत्या हिशेबाला देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवत जा. त्याच्याकडे कॅमेऱ्याचा फोन नव्हता. मग म्हणालो, वेळ वहीत लिहून ठेवा.

त्या आठवड्यात मी रिपोर्टमध्ये दुसरा रकाना परत घातला. दोन वेळांत दोन मिनिटांहून जास्त फरक असला की ओळ पिवळी होते. मालकांनी तक्रार केली की रिपोर्ट वाचायला अवघड झाला. राहू दिला तसाच.

परवा डायरीत सापडली ती तासवड्याची पावती. मामा विसरून गेला होता. टोलचा कागद तो, दहा-बारा वर्षांत छपाई पार उडाली आहे. गाडीचा नंबर नाही, वेळ नाही, काही नाही. मागे पेन्सिलने केलेली वजाबाकी तेवढी दिसते.